टिकीची टिकली

तुमचा दहावा दिवस अजून उजाडायचाय आणि मी भांडायला बसले आहे. सुतकात काय काय करायचं नाही ते तुमच्या आत्या कोपऱ्यातून दिवसभर सांगत असतात. भांडायचं नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणून पडवीत, तुम्ही त्या पांढऱ्या लाद्या कापत बसायचात त्याच जागी बसले आहे. जमीन कितीही सारवली तरी फटींतून तुमचे ते पांढरे दाणे निघतातच. काल भाकरीत एक सापडला. नेहमी थुंकून टाकते आणि तुमच्या नावानं बोटं मोडते. काल गिळला.

माणसं येतात, बसतात, जमिनीकडे बघत तुमचं कौतुक करतात. "हात व्हता गो त्याचा, हात!" "आसा मानूस व्हने नाय." मी ऐकून घेते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. हीच माणसं तीन वर्षं आपल्या अंगणावरून जाताना मान पलीकडच्या कुंपणाकडे वळवायची. आता त्याच अंगणात बसून तुमचा हात आठवतात.

आणि तुम्हाला खांदा कोणी दिला ठाऊक आहे? धोंडूकाकांनी. पुढून, उजवीकडून. ज्या माणसानं देवळाच्या पारावर बसून तुमच्याकडून पालखीचा पुढचा उजवा खांदा काढून घेतला, त्यानंच तुमच्या तिरडीचा पुढचा उजवा खांदा धरला. म्हातारा धापा टाकत होता तरी सोडीना. मला हसू आलं. नवरा चाललाय आणि बाई पदराआड हसते, हे कोणी बघितलं नाही हे बरं झालं.

मी महाडची. बाजारपेठेत घर, सावित्रीला पूर आला की पहिलं पाणी आमच्या ओट्यावर. सातवी पास झाले तेव्हा वडील म्हणाले, मुलगा पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या पायथ्याला राहतो, भात आहे, नाचणी आहे, गुरं आहेत, माणूस हसतमुख आहे. हसतमुख कसला! लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यात एक राक्षस माझ्या अंगावर धावून आला. मी किंकाळी फोडून आत पळाले, माजघरात पाटा होता त्यावर आपटले, आणि राक्षसाच्या आतून आवाज आला, "अगो, मी हाय, मी!" सगळी वाडी पोट धरून हसत होती. तुम्ही लाकडी तोंड काढलंत, घामानं निथळत होता, आणि म्हणालात, "मास्तरीणबाय घाबरली." तेव्हापासून मी मास्तरीणबाय. शाळेत मी एक दिवस शिकवलं नाही, पण नाव पडलं ते पडलं.

ते तोंड तुम्हीच कोरलेलं होतं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून. वाडीची सगळी सोंगं तुमच्या हातची. मला त्या वर्षी तुम्ही समजावून सांगितलंत की इथं देव आणि सोंग यांची कधी गल्लत होत नाही. पालखीत काळकाईची चांदीची रूपं बसतात. त्यांना हात लावायचा तो अंघोळ करून, सोवळ्यानं. आणि पालखीपुढं नाचतं ते सोंग. ते कोणीही डोक्यावर घालावं, पोरांनी त्याला दगड मारावेत, बायांनी शिव्या घालाव्यात, शिमगा सरला की माळ्यावर टाकून द्यावं. "देवाला भ्यायचं, सोंगानं भिववायचं," असं तुम्ही म्हणायचात. मला ते फार आवडलं होतं. महाडला असं कोणी बोलत नसे.

आणि पालखी तुमच्या खांद्यावर असली की तुम्ही मला ओळखायचा नाहीत. पुढचा उजवा खांदा आपल्या घराचा, डावा महादूच्या घराचा. तुम्ही दोघं गुडघ्यात वाकून पालखी नाचवायचात तेव्हा मी ओटीचं ताट हातात घेऊन अंगणात उभी असायची, तुमचे पाय धुवायचे म्हणून, आणि तुम्ही माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघायचात. राग यायचा. आत कुठंतरी बरंही वाटायचं. आपल्याला मूल झालं नाही. वर्षातून एकदा आई घरी येते, असं तुम्ही म्हणायचात, मग घर रिकामं कसलं?

मग ती लाद्यांची ब्याद घरात आली. भात झोडून झालं की तुम्ही दर वर्षी मुंबईला जायचात, गोदीजवळच्या त्या मोठ्या बर्फखान्यात कामाला. तिथं भिंती फोडून नव्या केल्या तेव्हा आतल्या त्या पांढऱ्या, हलक्या लाद्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. तुम्ही त्या उचलून आणल्यात. यष्टीच्या टपावर बांधून, पोलादपूरला उतरून, डोक्यावर घेऊन. मी लांबून बघितलं तर घराएवढं ओझं डोक्यावर आणि तुम्ही शीळ घालत चालताय! मला वाटलं माणसाच्या अंगात काहीतरी शिरलं. आत्यांनी एक लादी हातात घेतली, उलटी केली, वास घेतला. "लाह्या दाबून केल्यात जनू," म्हणाल्या. "खायाच्या हायत?" तुम्ही म्हणालात, थर्माकोल म्हणतात. आत्यांना ते काही जमलं नाही. त्या अजूनही लाह्याचं लाकूडच म्हणतात.

बर्फखान्यात दुपारच्या सुट्टीत तुम्ही एका तुकड्याला चाकूनं तोंड कोरत बसला होतात, ते महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या मॅनेजरनं बघितलं. त्याच्या हॉटेलात तिथून मासळी जायची. त्यानं तुम्हाला कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं चित्र फाडून दिलं. समुद्रातलं बेट, माड, आणि माडाखाली उभी तोंडंच तोंडं. लांबट, उभी, डोळे वटारलेले, दात विचकलेले. तिकडं त्यांना टिकी म्हणतात, म्हणाला. माझ्या हॉटेलात मुंबईचे लोक येतात, त्यांना असलं आवडतं, तीन करून दे. तुम्ही ते चित्र चुलीपुढं धरून मला दाखवलंत. "बग, कुटं समुद्रापल्याडची माणसं, आन् सोंगं आपल्यासारकीच करत्यात!" तुमच्या तोंडावर असा आनंद मी त्या आधी पालखीखालीच बघितला होता.

कौतुक करायचं ते करते, नाही कशाला म्हणू? त्या लाद्यांना पटाशी चालेना, दाणे सुटायचे. तर तुम्ही विळा चुलीत लाल करून कापायला लागलात. लोण्यातून जावा तसा विळा जायचा. पहिल्या तोंडाला तुम्ही मोठ्या हौशीनं तेलाचा रंग लावलात आणि सकाळी उठून बघतो तर नाक गायब, ओठ गायब, रंगानंच तोंड खाऊन टाकलेलं. तुम्ही कपाळाला हात लावून बसलात आणि मी इतकी हसले की आत्या रागावल्या. मग गेरू, चुना, काजळी आणि डिंक. आपल्या घरचेच रंग. वारा आला की दाणे घरभर, माझ्या लुगड्याला, तुमच्या मिशीला, डाळीत, पाण्यात. कोंबड्या तांदूळ समजून धावायच्या आणि टिपून झाल्यावर आपल्याकडे अशा बघायच्या की जणू आपणच फसवलं. हसायचो तेव्हा. घरात धूर कोंडायचा, काळा, घशात बसणारा, आणि आपण हसायचो.

तीन तोंडं कोरून झाली. पडवीत भिंतीला टेकून ओळीनं उभी केलीत. आणि इथं आत्या आल्या.

आत्या लहानपणीच विधवा झालेल्या. स्वतःच्या कपाळाला बोट लावायची मनाई, पण देवाच्या कपाळाला लावायला कोण अडवतो? घरातले देव, देवळातले देव, वेशीवरचे दगड, जात्याचा खुंटा, आत्यांच्या बोटाला कुंकू नाही असा दिवस गेला नाही. त्यांनी तोंडांपुढं उभं राहून विचारलं, "ही कोन रं बाल्या?"

"टिकी," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"टिकी गो आत्या, टिकी."

आत्यांनी एकेका तोंडाच्या कपाळाकडे बघितलं. "टिकी म्हन्तोस आन् कपाळ उगडं? टिकली कुटं हाय?" आणि तुम्ही हात धुवायला विहिरीवर गेलात तेवढ्यात म्हातारीनं पाण्यात कुंकू कालवलं आणि तिन्ही कपाळांवर मधोमध ठसठशीत टिकली लावली.

झालं! दोन तोंडांना तुम्ही आधी गेरूचा हात दिला होता, त्यांची टिकली ओल्या फडक्यानं पुसली गेली. तिसरं कोरं पांढरं होतं. त्याच्या कपाळात कुंकू दाण्यादाण्यांच्या मधून आत उतरलं. पुसलं तर पसरेना, धुतलं तर जाईना. तोवर पाण्याला जाणाऱ्या बाया थबकल्या. पडवीत तोंड आहे, तोंडाला कुंकू आहे, म्हणजे देव आहे. त्यांचं तरी काय चुकलं? संध्याकाळी दोघीतिघी नारळ घेऊन आल्या. तुम्ही ओरडताय, "सोंग हाय गो, सोंग! मीच केलंय!" आणि त्या म्हणतायत, "आसूं दे, आसूं दे," आणि वाकून पाया पडतायत. मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते. पुढं काय वाढून ठेवलंय हे कळलं असतं तर त्याच फडक्यानं एकेकीला हाकललं असतं.

"तुला महाबळेश्वर दाकवतो," म्हणालात. दाखवलंत! नवरा पुढं दोन राक्षस घेऊन, बायको मागं एक राक्षस घेऊन, आणि आंबेनळीचा वारा. यष्टीच्या कंडक्टरनं टपावर घ्यायला नकार दिला होता, देवाचं सामान वाऱ्यावर उडालं तर मी जबाबदार नाही म्हणाला. त्यालाही देवच वाटले. एका वळणावर माझ्या हातातलं तोंड सुटलं आणि उडालं, म्हणजे खरंच उडालं, दरीवर तरंगत तरंगत खालच्या कारवीत जाऊन बसलं. तुम्ही उतरून गेलात. करवंदीनं हातपाय फाडून घेऊन वर आलात आणि पहिला प्रश्न काय, "नाक शाबूत हाय ना बग." तुमच्या नाकाचं विचारायला मीच विसरले.

मॅनेजरनं दोन ठेवून घेतली. टिकलीवालं परत केलं. डाग आहे म्हणाला, खरवडून आणा. तुम्ही विळ्याचं टोक कपाळाला लावलंत, मी बघत होते. लावलंत आणि काढून घेतलंत. "ऱ्हाऊं दे," म्हणालात. "घरी नेतो."

तिथंच माझा तुमच्याशी खटका उडाला आणि तो अजून मिटलेला नाही. सोंगच होतं ना? मग विळा का चालला नाही? मी घाट उतरताना विचारलं, घरी विचारलं, दर शिमग्याला विचारलं. तुम्ही एकच सांगायचात, "आत्यानं लावलंय." हे उत्तर झालं का? आत्यांनी मांजरालाही लावलं होतं एकदा.

मॅनेजरनं पुन्हा बोलावलं तेव्हा आपण पाहिलं, तोंडांच्या आत लाल दिवे लावले होते आणि खाली माणसं पीत बसली होती. एकानं बोलता बोलता सिगारेट तुमच्या टिकीच्या नाकपुडीत विझवली. माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही हसलात. "बगितलंस? देव आसता तर जळला नस्ता तो मानूस?" सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. पण उतरताना घाटभर तुम्ही अवाक्षर काढलं नाही, आणि मी काही बोलले नाही. मला वाटलं घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर गुरांना खुरकूत लागली होती.

वाडीतली अर्धी गुरं बसली. आपली तांबूही बसली, हे कोणी मोजलं नाही. कोणाच्या तरी तोंडून निघालं, ह्यानं आईपुढं नवे देव मांडले, पुजून घेतले, आणि दारूच्या गुत्त्यात नेऊन विकले. झालं, गाव जमलं. धोंडूकाका मधे. ते आपल्या भावकीतले नाहीत, पण गावकीत त्यांचा शब्द शेवटचा. मी देवळाच्या मागच्या चाफ्याआड उभी होते, शब्दन् शब्द ऐकला.

"देव इकलास तू."

"सोंग केलं, सोंग इकलं. देव मी कशाला करीन?"

"बायांनी नारळ ठेवलं त्ये सोंगाला?"

"त्ये बायांना इचारा."

"बरं तर मंग," धोंडूकाका मऊ आवाजात म्हणाले, आणि तो माणूस मऊ बोलला की मला भीती वाटते. "चुकी झाली म्हन, आईपुढं नारळ ठेव, इषय संपला."

एक नारळ. आपल्या मागच्या माडाला लागलेले तेवीस कोणी मोजायचे? आणि तुम्ही सरळ उभे राहून म्हणालात, "नारळ ठेवला तर त्ये देव झालं. मंग मी खरंच देव इकलं आसं व्हईल. सोंग हाय म्हना, ईस नारळ ठेवतो."

कोणी म्हटलं नाही. महादूही नाही. तुमच्या डाव्या खांद्याला आयुष्यभर खांदा लावलेला माणूस पायानं मातीत रेघा ओढत उभा राहिला. खांदा गेला. पालखी आपल्या दारी थांबणार नाही असं ठरलं. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते काय चांगल्या कामालाच?

त्या दिवसापासून आपण भांडतोय. मी म्हणायची, ठेवा नारळ आणि मोकळे व्हा, देवीला सगळं कळतं. तुम्ही म्हणायचात, देवीला कळतं, गावाला कळाया पायजे. मी म्हणायची, गावाला कळलेलंच आहे, त्यांना तुमचं वाकणं बघायचंय. तुम्ही म्हणायचात, म्हंजे तूच सांगतेस की मी वाकू नको! असं फिरवायचात. सातवी पास मी, आणि तुमच्यापुढं दर वेळी माझंच म्हणणं माझ्या गळ्यात. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. आजही मला वाटतं ठेवायला हवा होता तो नारळ. आणि तुम्ही ठेवला असतात तर मला तुमची लाज वाटली असती, हेही खरं. दोन्ही खरं आहे, काय करू?

पहिल्या शिमग्याला मी वेड्यासारखं अंगण सारवून ताट करून ठेवलं. ढोल जवळ आला. तुम्ही पडवीच्या खांबाला धरून उभे होतात, आणि तुमचा उजवा खांदा आपोआप खाली गेला होता, पालखी घ्यायला जातो तसा. ढोल आपल्या कुंपणापाशी आला आणि तसाच वाजत पुढं गेला. तुमचा खांदा बराच वेळ तसाच होता. मग म्हणालात, "वाड जेवायला." ताटातले तांदूळ मी डब्यात परत ओतले. तुम्ही जेवलात. मी जेवले नाही.

त्यानंतर तुम्ही मुंबई सोडलीत आणि लाद्यांच्या मागं लागलात. मॅनेजर मागेल तितक्या टिक्या. पावसाळाभर दारं लावून चूल आणि विळा, विळा आणि धूर. मी सांगितलं, बाहेर बसा. पावसात कसं बसू? मग पाऊस गेल्यावर बसा. बसला नाहीत. खोकला लागला. महाडला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, गिरणीत होतात का? मी म्हटलं, घरचीच गिरणी आहे. बंद घरात तो धूर घेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं त्यांनी. तुम्ही मान हलवलीत. घरी आलात आणि विळा चुलीत घातलात. ह्याचा राग माझ्या मनातून जाणार नाही. गावानं खांदा काढला, छाती काही गावानं काढली नव्हती. ती तुमची तुम्ही जाळलीत, आणि माझं काय होईल याचा विचार केला नाहीत.

शेवटी शेवटी पोरं देवळाकडे ढोल तापवून बघायला लागली होती. तुम्ही अंथरुणातून विचारलंत, "अंदा पालखी थांबंल का गो?"

मी म्हटलं, "नारळ ठेवा, थांबेल."

तुम्हाला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि भिंतीकडे वळून म्हणालात, "मास्तरीणबाय, तू काय सुधारायची नाय." नवराबायकोचं शेवटचं बोलणं हे. लोकांना सांगायचं तर काय सांगू?

तुम्हाला बाहेर काढायच्या आधी आत्यांनी माझं कपाळ पुसलं. वाडीची रीतच आहे, विधवेनंच पुसायचं. आयुष्यभर दिसेल त्याला टिकली लावणारी बाई, तिच्याच हातून. पदराच्या टोकानं एकदाच फिरवलं आणि गेलं. इतकं सोपं असतं ते. मला माळ्यावरचं तुमचं तोंड आठवलं. त्याचं कुंकू पुसून पुसून तुम्ही थकला होतात.

परवा धोंडूकाका आले. अंगणातच उभे राहिले, सुतकाच्या घरात कसे येतील? इकडचं तिकडचं बोलले, तुमच्या हाताचं कौतुक केलं. मग म्हणाले, "राक्षसाचं सोंग किड्यानं खाल्लं गो. हात लावला तर भुगा झाला. उद्या पालखी निघंल, पुढं नाचायला काय नाय."

मी पदर सारखा केला.

"तुज्या दादल्याचं त्ये येक हाय ना माळ्यावर? टिकलीवालं? हलकं बी हाय. महादू नाचंल घालून."

मी म्हटलं, "काका, घरात सुतक आहे. आमच्या घरची वस्तू पालखीपुढं चालेल?"

"देवाला सुतक गो," धोंडूकाका म्हणाले. "सोंगाला कसलं सुतक?"

अहो, ऐकलंत का? मी खांबाला धरलं. तोच खांब. मी विचारलं, "काय म्हणालात?"

त्यांना वाटलं मला रडून रडून ऐकू येईनासं झालं. मोठ्यानं ओरडून म्हणाले, "सोंग हाय त्ये! सोंगाला सुतक नसतं!"

आपण काय बोललो हे त्या माणसाला कळलंसुद्धा नाही. तीन वर्षं एका शब्दासाठी तुम्ही अंगण ओस पडू दिलंत, आणि तो शब्द त्यांनी असा टाकला, विडी मागावी तसा. मी त्यांच्या अंगावर धावून जाणार होते. तीन वर्षांत पाठ झालेलं सगळं तोंडाशी आलं होतं. मग आत कोपऱ्यात आत्या हुंदका देऊन म्हणाल्या, "दे गो त्यास्नी. बाल्याचं म्हननं ऐकलं त्यांनी." त्या म्हातारीला तो विजय वाटला. मी माळ्यावर चढले, तोंड काढलं, फडक्यानं धूळ झटकली आणि अंगणाच्या मधोमध ठेवलं. सुतक म्हणून हातात देता येईना. धोंडूकाकांनी उचललं, वजन बघून हसले आणि घेऊन गेले.

काल दिवस कलताना पालखी निघाली. मी दार लावून बसणार होते. पण ढोल कुंपणाशी आला आणि थांबला. मी बाहेर आले. आपल्या अंगणात तुमचं तोंड उभं होतं, डोळे वटारून, दात विचकून, कपाळावर टिकली. आत महादू. तो नाचायचा थांबला होता. सोंग थांबलं की पालखीला पुढं जाता येत नाही, ही तर तुम्हीच मला सांगितलेली रीत. मागचे ओरडले, "चल रं, चल!" तो हलला नाही. रडत होता की दम लागला होता, त्या तोंडाआड मला काय दिसणार? आणि त्याच्या मागं, आपल्या अंगणात, सारवलेल्या मातीवर, आईची पालखी उभी होती.

मी दारात. हातात ताट नाही. तांदूळ नाहीत, नारळ नाही, पायावर घालायला पाणी नाही. सुतकातल्या बाईनं पुढं जायचं नाही, आणि आता ओटी भरायचाही अधिकार उरला नाही. टिकली होती ती त्या थर्माकोलच्या कपाळावर. आत्यांनी आतूनच जमिनीला डोकं टेकलं. मी नुसती बघत राहिले. तुमची, पालखीच्या पुढच्या उजव्या दांडीखालची जागा धोंडूकाकांच्या पुतण्यानं धरली होती. त्याला वाकायला जमत नाही.

"चला, चला, सुतकाचं घर हाय," धोंडूकाका म्हणाले, आणि ढोल वाजला आणि पालखी गेली. रात्री महादूनं तोंड कुंपणावर आणून ठेवलं. हाक मारली नाही. मी ते उचलून पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं आहे. आता समोरच आहे. देव की सोंग, तुम्ही जाणे आणि आत्या जाणे. मला विळा लावायला सांगाल तर माझाही हात चालणार नाही, एवढं मात्र आता कळलं. हे तुम्हाला सांगायचं होतं.

गावानं भर अंगणात सोंग म्हटलं. पालखी दारात उभी राहिली. नारळ न ठेवता, मान न वाकवता, तुम्हाला हवं होतं ते सगळं झालं. इतकी वर्षं हट्ट केलात माझ्याशी, गावाशी, डॉक्टरांशी, सगळ्यांशी केलात. मग आणखी चार दिवस खोकत राहिला असतात तर काय बिघडत होतं हो?